गॅरेजमधलं मेक्सिको

बाबा,

इथल्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात तुमच्यावर एक लेख हवा आहे. तो मी लिहायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. फोन करणारा मुलगा फारच गोड होता. "ताई, प्लीज, तुम्हीच लिहा. इथलं मराठी नाटक काकांनी स्टार्ट केलं आणि त्यांच्यावर कुणी काही लिहिलंच नाहीये. ते मेक्सिकन नाटक होतं ना, त्याबद्दल लिहा. सीनियर लोक अजून तेच डिस्कस करत असतात." मी हो म्हटलं, चहा करून घेतला आणि लिहायला बसले. 'माझे वडील अतिशय शिस्तीचे होते' असं एक वाक्य झालं. त्याच्यापुढे जे वाक्य येत होतं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नव्हतं. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आहे आणि तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्याशी भांडताना आवाज खाली ठेवायचंही काही कारण उरलेलं नाही.

आपलं कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँटचं घर, रविवारची दुपार. जेवणं झालेली आहेत, आई ओट्याशी आवराआवर करते आहे, आणि तुम्ही सोफ्यावर मांडी घालून तो स्पॅनिश चॅनेल लावलेला आहे. छपरावरची अँटेना नीट बसली नसेल तर पडद्यावरच्या प्रत्येक माणसाशेजारी त्याचंच एक पुसट भूत दिसायचं, तरी तुम्ही बघायचात. जुने मेक्सिकन चित्रपट, बहुतेक काळेपांढरे. घोडे, निवडुंग, रुंद काठाच्या टोप्या, छातीवर काडतुसांचे पट्टे, आणि मारामारी ऐन रंगात आलेली असताना मध्येच गाणं. तुम्हाला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. पण आपल्या सिनेमावर वाढलेल्या माणसाला त्यात न कळण्यासारखं होतंच काय? सावकार दुष्ट, आई आजारी, मित्र जिवाला जीव देणारा. मी तुमच्या शेजारी गृहपाठ घेऊन बसायचे आणि गृहपाठ करायचे नाही. हॉलिवूडचे वेस्टर्न तुम्हाला डोळ्यांसमोर नको असत. त्यांत मेक्सिकन माणूस म्हणजे घामट दरोडेखोर नाहीतर झाडाखाली झोपलेला आळशी, आणि मूळचे रहिवासी म्हणजे टेकडीवरून ओरडत येऊन मरणारी गर्दी. "इथे बघ," तुम्ही मला म्हणायचात, "इथे सगळे त्यांचेच आहेत. हीरो त्यांचा, व्हिलन त्यांचा, भाषा त्यांची. वाचवायला कुणी गोरा शेरीफ येत नाही." हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा की मला तुमचा अभिमान वाटायचा. तो वाटला होता हे मी नाकारत नाही. पुढचा संताप त्याच अभिमानातून आलेला आहे.

तुमचे ऑफिसातले मित्र कधीकधी यायचे आणि आपल्याला कथा समजावून सांगायचे. त्यांचे आईवडील मेक्सिकोच्या दक्षिणेकडचे, ते स्वतः कॅलिफोर्नियाच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात वाढलेले आणि पुढे तुमच्यासारखेच इंजिनिअर झालेले. मी त्यांना काका म्हणायचे, कारण घरी आलेल्या पुरुषाला दुसरं काही म्हणायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, हे नाव मी खास त्यांच्यासाठी ठेवलं आहे. एका रविवारी मी त्यांना विचारलं, ते मागे उभे असतात ते कोण? कारण एक गोष्ट मला तोवर दिसायला लागली होती. हीरो कायम गोरा, पिंगट डोळ्यांचा. ज्या गावासाठी तो लढतो त्या गावातली सावळी मुलगी म्हणजे कुणीतरी मोठी नटी असायची. कोरलेल्या भुवया, दोन वेण्या, अनवाणी पाय, आणि चेहऱ्यावर थापलेला रंग, जो कानाच्या पाळीशी येऊन संपायचा. ती लहान मुलासारखी तुटक बोलायची आणि हीरोकडे बघून लाजायची. चिनी दुकानदार आला की हसायचं, हे ठरलेलं. स्वयंपाकघरातली काळी दाई रडायची आणि धन्याच्या लेकरासाठी मरायची, आणि तिलाही बहुधा रंगच लावलेला असायचा. या सगळ्यांच्या पाठीमागे, हातात मेणबत्त्या किंवा टोप्या धरून, पांढऱ्या सुती कपड्यांतली खरी सावळी माणसं उभी असायची. त्यांना एक वाक्य नसायचं.

काका इंग्रजीत म्हणाले, "शूटिंग ज्या गावात झालं असेल त्या गावची माणसं असतील. माझी आजी दर आठवड्याला सिनेमाला जायची, पण ती पडद्याच्या मध्ये बघायचीच नाही, कडेला बघायची. तिथे कुणी आपल्यासारखं दिसतंय का म्हणून." तुम्ही चुकचुकलात. खरंच वाईट वाटलं होतं तुम्हाला, मी बघत होते. "सगळीकडे हेच," तुम्ही म्हणालात आणि लगेच हॉलिवूडवर घसरलात. तुमचे अपराधी नेहमी जरा लांबचे असायचे, बाबा. त्या आजीची गोष्ट तुम्ही ऐकलीत, मान डोलावलीत आणि कानामागे टाकलीत. काकांनी विषय बदलला. पडद्यावर रंग लावलेली मुलगी विहिरीवर पाणी भरत होती आणि हीरो तिच्यासाठी गात होता.

याच सुमारास एका अमेरिकन मालिकेत एक भारतीय डॉक्टर आला. आला म्हणजे एका गोऱ्या नटाला तपकिरी रंग फासून, मान हलवायला लावून आणि 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हणायला लावून उभा केलेला. तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही जेवणावरून उठलात, खरकट्या हाताने फोनची डिरेक्टरी काढलीत आणि टीव्ही स्टेशनला फोन लावलात. "तुम्हाला एक भारतीय मिळाला नाही? इथे प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आमचा डॉक्टर आहे आणि तुम्हाला एक मिळाला नाही?" पलीकडच्या बाईने आमचा कार्यक्रम बघितल्याबद्दल थँक्यू म्हणून फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस कुणाच्याही घरी जेवायला गेलं की तुम्ही हा किस्सा सांगायचात. "गोऱ्याला रंग फासतील, पण खऱ्या माणसाला उभं करणार नाहीत," हे तुमचं शेवटचं वाक्य असायचं. सगळे काका आणि काकू माना डोलवायचे. मीही डोलवायचे. मला ते वाक्य तोंडपाठ झालं होतं.

मग तो चित्रपट लागला. त्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आपण इंडियन ग्रोसरीतून परत येईपर्यंत सुरुवात निघून गेली होती. तुम्ही घाईघाईने कॅसेट घालून राहिलेला भाग रेकॉर्ड केलात. दुष्काळातलं गाव, जमीनदाराने विहिरीला कुंपण घातलेलं, आणि त्या गावातली एक मुलगी भर मेजवानीत जाऊन जमीनदाराला सर्वांसमोर जाब विचारते. चित्रपट संपला आणि तुम्ही म्हणालात, "गणपतीला हेच करायचं. मराठीत. मेक्सिको तसंच ठेवायचं, नावंपण तशीच." मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी तेच दिवाणखान्यातले विनोद करून तुम्ही कंटाळला होतात. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आलं की तुम्ही आणि मी डायनिंग टेबलाशी. तुम्ही कॅसेट पुढे न्यायचात, थांबवायचात, थांबलेल्या चित्रावर आडव्या रेघा थरथरायच्या, आणि तुम्ही संवाद सांगायचात ते मी लिहून घ्यायचे. स्पॅनिश तुम्हाला येत नव्हतं, कथा काकांनी सांगितलेली, बाकी सगळं तुमच्या डोक्यातलं. मी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या वयाची मंडळातली बहुतेक मुलं घरी इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी आठ वर्षांची होऊन इथे आलेली, माझं मराठी टिकलेलं, आणि त्या टेबलाशी पहिल्यांदाच त्याचा कुणाला तरी उपयोग होत होता.

जाब विचारायच्या प्रसंगाशी तुम्ही अडलात. मुलगी जमीनदाराला नेमकं काय म्हणेल? "हक्क, न्याय असलं काही नको," तुम्ही म्हणालात, "ते भाषण होतं." मी पेन खाली ठेवून म्हटलं, "मालक, विहीर तुमची. पण इथे पाणी लागेल हे माझ्या आजाने सांगितलं होतं. तुम्ही फक्त खणायला लावलंत." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग आईला हाक मारून म्हणालात, "अगं ऐकलंस का, हिने काय लिहिलंय." आई पिठाचे हात घेऊन दाराशी आली आणि मी तिला ते पुन्हा म्हणून दाखवलं, उभी राहून, तुम्हाला जमीनदार समजून. तुम्ही टाळी वाजवलीत. माझ्या आयुष्यात तुम्ही माझ्यासाठी अशी टाळी त्यानंतर वाजवल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, हे माझ्यासाठी चाललं आहे. कुणी तसं म्हटलं नव्हतं, मान्य. पण सावळी मुलगी, माझ्या वयाची, आणि तिच्या तोंडी मी रचलेलं वाक्य. तुमच्याइतकं काळंगोरं नीट निवडायला मी अजून शिकले नव्हते.

तालमी आपल्या गॅरेजमध्ये सुरू झाल्या. गाडी ड्राइव्हवेवर, वॉशिंग मशीनवर आईने ठेवलेले बटाटेवडे, आणि मध्ये खडूने आखलेलं स्टेज. पहिल्याच दिवशी तुम्ही भूमिका वाचून दाखवल्यात आणि मुलीची भूमिका मंडळातल्या डॉक्टरकाकांच्या लेकीला दिलीत. ती गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, स्वभावाने अगदी साधी. मराठी तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी सगळे संवाद इंग्रजी अक्षरांत उतरवायचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलंत. शिवाय प्रॉम्प्टिंग आणि मेकअपही. "हिच्याइतकं स्क्रिप्ट कुणाला माहीत नाही," तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगितलंत. मी मान डोलावली. म्हटलं, ठीक आहे, ती उंच आहे, तिचा आवाज चांगला असेल. तिचा आवाज चांगला नव्हता, बाबा. विहिरीला ती 'विहिडी' म्हणायची.

आणि मग रंगाचा दिवस. पुण्याहून कुणीतरी मागवलेले मेकअपचे डबे तुम्ही गॅरेजमधल्या टेबलावर उघडलेत आणि बशीत रंग कालवायला घेतलात. तुम्ही प्रत्येक गोष्ट इंजिनिअरसारखी करायचात, तर रंग तरी अंदाजाने कसा कालवाल? समोर नमुना हवा. "बाळ, हात आण इकडे," तुम्ही म्हणालात आणि माझं मनगट धरून कोपरापर्यंतचा हात बशीशेजारी ठेवलात. थोडा तपकिरी, थोडा पिवळा, जरासा काळा. चमच्याने घ्यायचात, तिच्या हातावर एक पट्टा ओढायचात, माझ्या हाताशी लावून बघायचात. "अजून थोडा डार्क." पुन्हा. डॉक्टरकाकांची लेक खुर्चीत बसून तुमच्याकडे आणि माझ्याकडे बघत होती. तीच म्हणाली, "काका, बट शी ऑलरेडी लुक्स लाइक दॅट. व्हाय डोन्ट यू जस्ट लेट हर डू इट?" गॅरेजमध्ये सात-आठ माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही चमचा खाली न ठेवता हसलात. "अगं, शेवटच्या सीनमध्ये ती जमीनदाराचीच हरवलेली मुलगी निघते ना. मग तिला आंघोळ घालून, गोरी करून, रेशमी कपड्यांत स्टेजवर आणायचंय. तुझा रंग उतरेल. हिचा कसा काढणार?"

सगळे हसले. म्हणजे फार मोठ्याने नाही, बरं वाटावं म्हणून हसतात तसे. माझा हात अजून टेबलावरच होता, कारण रंग जुळायचा राहिला होता. तुम्ही वाईट हेतूने बोलला नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. तुम्ही दिग्दर्शकाची एक अडचण सांगितलीत आणि ती अडचण खरीच होती. म्हणून तर माझी इतकी चिडचिड होते. चार शिव्या घातल्या असत्यात तर त्या मला परवडल्या असत्या. पण तुम्ही अगदी बिनचूक कारण दिलंत, आणि त्या कारणात माझा रंग म्हणजे न निघणारा डाग होता. आणि तो शेवट तरी बदलायचा ना. नाटक तुमचं, लेखणी माझ्या हातात. गावातल्या मुलीने मेजवानीत उभं राहून मालकाला जाब विचारायचा आणि मग कळायचं की ती गावातली नव्हतीच, मालकाच्याच रक्ताची होती, म्हणून तर एवढी तेजस्वी. मग माझ्या वाक्यातला तो आजा कुणाचा? पाणी कुठे लागेल हे कुणी सांगितलं? त्या सिनेमावाल्यांना सावळी मुलगी शूर दाखवायची होती, पण सावळीच शूर आहे हे सोसवत नव्हतं. तुम्हालाही नाही सोसवलं. टीव्ही स्टेशनला खरकट्या हाताने फोन करणाऱ्या माणसाला.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईशी भांडले, कारण तुमच्याशी भांडायची आपल्या घरात रीत नव्हती. आईचा रंग माझाच, किंवा माझा तिचा. तिने वड्यांची कढई घासता घासता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं. नाटक आहे." मी म्हटलं, तू तरी असं म्हणू नकोस. तिने कढई पालथी घातली. मग म्हणाली, "हे मला बघायला आले होते तेव्हा माझ्या मामाने मुद्दाम दिवेलागणीची वेळ दिली होती. आणि दिवा लावायला जरा उशीर केला होता. ह्यांनी काही म्हटलं नाही त्या वेळी. पुढेही कधी नाही म्हटलं." हे ती तुमच्या बाजूने सांगत होती, बाबा. तुम्ही मोठ्या मनाचे होतात, असं तिला म्हणायचं होतं. मला मात्र तिचाही राग आला आणि तुमचाही, आणि त्या मामाचाही, ज्याला मी कधी बघितलेलं नाही. बायकोचा रंग चालवून घेतला म्हणजे उपकार केले, आणि तिने ते जन्मभर लक्षात ठेवायचे.

प्रयोगाला शाळेचं सभागृह भरलं होतं. मेक्सिकन काकांनी त्यांची स्वतःची टोपी आणि खांद्यावरची रंगीत घोंगडी जमीनदाराला वापरायला दिली होती, आणि ते स्वतः पुढच्या बाजूला, नऊवाऱ्या आणि झब्ब्यांच्या मधोमध टाय लावून बसले होते. मी विंगेत, हातात स्क्रिप्ट. बोटांना तो रंग लागलेला, साबणाने जात नव्हता आणि माझ्या बोटांवर दिसतही नव्हता. शेवटच्या अंकाला तुम्ही नेहमीसारखे आतून उठून समोर जाऊन बसलात. मेजवानीचा प्रसंग आला. डॉक्टरकाकांची लेक जमीनदारासमोर उभी राहिली, 'मालक' म्हणाली आणि थांबली. मी हळूच 'विहीर तुमची' म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. घाबरलेली होती बिचारी, सगळं डोक्यातून गेलेलं. मी पुन्हा म्हटलं. ती ओठ हलवायला लागली, पण आवाज येईना. तेव्हा मी ते सगळं म्हटलं, विंगेतून, संपूर्ण. विहीर, आजा, पाणी, खणणं आणि त्याच्या पुढचंही. तिने शहाणपणा केला, हात उचलला, मान वर केली आणि तोंड हलवत राहिली. मग टाळ्या पडल्या. पुढच्या प्रवेशात ती गोरी होऊन आली, रेशमी झगा घालून, आणि त्याहून जास्त टाळ्या पडल्या.

जेवणाच्या रांगेत काका हातात पुरीभाजीची प्लेट घेऊन तुमच्याशी बोलत होते. मी श्रीखंड वाढत होते, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "छान झालं. अगदी आमच्या सिनेमासारखं केलंत." तुम्ही त्यांचा हात दोन्ही हातांत घेतलात. हे वाक्य पुढे तुम्ही वर्षानुवर्षं सांगितलंत, पाहुणे अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावाहून येवोत की पुण्याहून. "खुद्द मेक्सिकन माणसाने सर्टिफिकेट दिलंय." तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाहीत. मी बघितलं, कारण श्रीखंड वाढून घ्यायला ते मग माझ्यासमोर आले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मधे बोलत होतीस ती तूच ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला एकही शब्द कळला नाही. पण माझ्या आजीला दाखवावंसं वाटलं." मग त्यांनी आणखी थोडं श्रीखंड मागून घेतलं आणि रांगेतून पुढे गेले. त्यानंतर ते रविवारचे फारसे आले नाहीत. तुम्ही म्हणायचात, ओव्हरटाइम चालू असेल.

घरी येताना गाडीत तुम्ही खुशीत होतात. आई पुढे, मी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तुम्ही आरशात न बघता म्हणालात, "प्रॉम्प्टिंग जरा लाउड झालं, बाळ. पुढच्या रांगांना ऐकू गेलं." बस्स. त्यानंतर हॉलचं भाडं, कुणी लाइट चुकवला, पुढच्या वर्षी काय करायचं. मी खिडकीतून फ्रीवेकडे बघत बसले. आई म्हणाली, "छान बोलली ती," आणि आपण सगळे, मीसुद्धा, ते डॉक्टरकाकांच्या लेकीबद्दल आहे असं धरून चाललो.

पुढे मी कॉलेजात सिनेमाचे दोन कोर्स घेतले आणि तुमच्याशी वाद घालायला लागले. तुम्ही म्हणायचात, "त्या काळात तसंच होतं." कुठल्या काळात, बाबा? चित्रपट तुमच्या लहानपणचा होता, नाटक आपण कॅलिफोर्नियात व्हीसीआर बघून केलं. त्या काळातल्या मेक्सिकोतही कुणीतरी आजी पडद्याच्या कडेला बघत बसलेली होतीच, म्हणजे त्या काळालाही ते माहीत होतं. आता मी ते चित्रपट पुन्हा बघते, चांगल्या प्रिंटमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं. काही खरंच सुंदर आहेत. बंदूक घेऊन घोड्यावर बसलेल्या बायका आहेत, ढगांची अशी दृश्यं आहेत की बघत राहावं, आणि एखाद्यात मागची माणसं पुढेही येतात. तुम्ही जे त्यांच्यावर प्रेम केलंत ते काही चुकीच्या गोष्टीवर नव्हतं, आणि हे मी तुम्हाला उदार होऊन सांगत नाही, चिडूनच सांगते आहे. ज्याला सिनेमातलं इतकं दिसत होतं त्याला टेबलावरचा हात दिसू नये, हे मला आजही पटत नाही.

स्मरणिकेला मी दुसरं काहीतरी लिहून देईन. शिस्त, वेळ पाळणं, गॅरेजमधल्या तालमी, आईचे वडे. तो मुलगा खूश होईल. हे त्यांना देणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला तर पत्ताच नाही.

पण एक कबूल करते. शेवटच्या अंकाला तुम्ही समोर बसला होतात. तो आवाज माझा आहे हे तुम्हाला ओळखू आलं होतं का, ते वाक्य टेबलाशी मी कसं म्हटलं होतं हे आठवलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही त्यानंतर कितीतरी वर्षं होतात, दवाखान्यात तर आपण दुपारच्या दुपार नुसते बसून काढल्या. मी विचारलं नाही. "हो, तूच होतीस, छान बोललीस," असं तुम्ही म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे सगळं सोडून दिलं असतं. म्हणूनच नाही विचारलं.